वाचकांचे प्रश्न: हरणाच्या पहिल्या मोसमासाठी हलक्या धक्क्याची काडतुसं

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हरीण-मोसम सुरू होतो. त्यामुळे या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: घरातली रायफल नवख्या खांद्याला सोसेल अशी कशी करायची? काडतुसं घरी भरणाऱ्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न: मुलगी १३ वर्षांची आहे. शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण झालंय. घरात .३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट रायफल आहे, दुकानातली १५० ग्रेनच्या गोळीची काडतुसं वापरतो (ग्रेन म्हणजे गोळी आणि दारू तोलायचं छोटं माप). दोन बार झाले की ती डोळे मिटून चाप ओढते. दारू कमी करून भागेल का?

भागेल, पण दारूला हात लावण्याआधी दस्ता मोजा. बहुतेक रायफलींचा दस्ता मोठ्या माणसाच्या हाताला धरून केलेला असतो, म्हणजे चापापासून मागच्या टोकापर्यंत साधारण साडेतेरा इंच. तुमच्या मुलीला १२ ते साडेबारा पुरतील. दस्ता लांब पडला की मूल कंबरेतून मागे रेलतं, दस्ता खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर टेकतो आणि तिथे पहिल्याच बाराला काळंनिळं होतं. असा दस्ता तसाच ठेवून कितीही हलकं काडतूस भरलं तरी उपयोग नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. धक्क्याइतकाच, कित्येकदा धक्क्यापेक्षा जास्त, आवाज घाबरवतो. कानात फोमचे बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही हवंत. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. धक्का घटतो हे खरं, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो, आणि इथे दुखणं नेमकं आवाजाचंच आहे. चांदमारीचा सराव टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकून चालला असेल तर तोही थांबवा. टेबलाशी बसलेलं शरीर मागे हलत नाही, सगळा धक्का एकटा खांदा खातो. नेम जुळवायचं काम टेबलावर तुम्ही करा. तिने उभं राहून किंवा काठीच्या टेकूवर, एका दिवसात दहाच बार मारावेत. मधूनच तिला न सांगता एक डमी काडतूस घाला. चाप ओढल्यावर नुसतं ‘टक्’ झालं आणि नळीचं तोंड खाली डुचकलं, तर बिचकणं अजून गेलेलं नाही.

आता धक्क्याचा हिशोब. साडेसात पौंडांची रायफल, १५० ग्रेनची गोळी, सेकंदाला २८२० फूट वेग, ४५ ग्रेन दारू: धक्का सुमारे १५ फूट-पौंड. त्याच रायफलीत १२५ ग्रेनची गोळी २३०० फुटांनी ३२ ग्रेन दारूवर सोडली तर धक्का सात-साडेसातवर येतो. (हे ग्रेन आकडेमोडीपुरते आहेत, भरण्यासाठी नव्हेत.) .२४३ विंचेस्टर या लहान काडतुसाची रायफल १०० ग्रेनच्या गोळीला साधारण नऊ देते, म्हणजे तुमची .३०८ तिच्याहूनही सौम्य होते. या हिशोबात दारूचं वजनही धरावं लागतं, कारण जळलेली दारू वायू होऊन गोळीमागून बाहेर पडते आणि तीही बंदुकीला मागे ढकलते. म्हणून नुसती हलकी गोळी घेऊन दारू भरपूर ठेवली तर वाटतो तेवढा फरक पडत नाही.

रायफल अजून घ्यायचीच असेल तर मात्र सरळ .२४३ किंवा ६.५ क्रीडमूर घ्या, ही उठाठेव नको. आणि काडतुसं घरी भरत नसाल तर दुकानातही कमी धक्क्याची मिळतात, रेमिंग्टनचं .३०८ मधलं काडतूस १२५ ग्रेनची गोळी सुमारे २६६० फुटांनी सोडतं.

प्रश्न: माझ्याकडे एच-४१४ दारूचा अर्धा डबा आहे. पुस्तकातल्या किमान मापापेक्षा दहा ग्रेन कमी टाकली तर धक्का कमी होईल ना? कमी दारू म्हणजे जास्त सुरक्षित, असंच मी धरून चाललोय.

असं धरून चालू नका. रायफलची दारू म्हणजे गॅसची शेगडी नव्हे, की खुंटी फिरवली आणि आच मंद केली. तिला नीट जळायला दाब लागतो. दाब वाढेल तशी ती जोरात जळते. अर्ध्या रिकाम्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, संथ जळणारी दारू पसरून पडलेली असते. टोपीची (बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या कॅपची) ठिणगी वरून निघून जाते, दारू अर्धवट पेटते, गोळी मानेतून सुटून नळीच्या आट्यांपर्यंत जाते आणि तिथे अडखळते. मागची दारू आता एकदम भडकते. संथ दारूच्या खूप कमी मापाने रायफली फुटल्याचे प्रकार झालेले आहेत. नेमकं कारण काय, यावर जाणकारांचं एकमत नाही, पण किमान मापाखाली जायचं नाही यावर आहे. एच-४१४ ही गोल दाण्यांची दारू. मुळातच पेटायला कठीण आणि कमी भरणीत लहरी. एच-११०, डब्ल्यू-२९६ या दारूंचंही तेच. त्यांच्या डब्यावरचं माप घटवायचंच नाही.

या कामाला दारू एकच घ्या: हॉजडन कंपनीची एच-४८९५. ती कमी मापातही बऱ्यापैकी एकसारखी पेटते. उत्पादकाचाच नियम आहे: तुमच्या काडतुसासाठी आणि गोळीच्या वजनासाठी हॉजडनच्या तक्त्यात एच-४८९५ चं जे कमाल माप असेल, त्याच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली जाता येतं. समजा कमाल ४७ ग्रेन आहे, तर ४७ × ०.६ = २८.२ ग्रेन. तक्त्यात त्या काडतुसासाठी एच-४८९५ दिलेलीच नसेल, तर हा नियम तिथे लावायचा नाही.

नावाने फसू नका. आयएमआर ४८९५ ही वेगळी दारू आहे. दोघींचा पूर्वज एकच, दुसऱ्या महायुद्धातल्या .३०-०६ काडतुसांची लष्करी दारू. युद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी तिचा शिल्लक साठा विकत घेऊन धंदा सुरू केला. पण ६० टक्क्यांचा नियम ‘एच’ लिहिलेल्या डब्यापुरताच.

आणि ६० टक्के हा तळ आहे, मुक्काम नव्हे. तळाशी मिळणारा वेग निशाणावर सरावाला छान, हरणाला अपुरा. तिथून एकेक ग्रेन वर चढा, प्रत्येक पायरीला पाच काडतुसं, वेग मापकावर मोजा. १२५ ग्रेनची गोळी २२०० ते २४०० फुटांच्या दरम्यान आली की थांबा.

प्रश्न: भरताना नेहमीपेक्षा वेगळं काय करायचं?

फार नाही, पण जे आहे ते चुकवू नका. टेबलावर दारूचा एकच डबा. पुंगळ्या तपासून तेल लावून पूर्ण लांबीच्या डायमधून काढा, तेल पुसा. .३०८ ची पुंगळी २.०१५ इंचांहून लांब झाली असेल तर २.००५ वर कापा आणि तोंडाची धार आतून-बाहेरून मोडा. टोपी बुडाच्या पातळीला किंवा केसभर आत बसली पाहिजे. बोट फिरवलं की लागता कामा नये. प्रत्येक माप तराजूवर, ०.१ ग्रेनपर्यंत. तराजू ग्रेनवर आहे ना, ते सुरू करतानाच बघा, कारण एक ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन.

सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून दारू घातली की गोळ्या बसवण्याआधी दिवा मालवा आणि टॉर्च तिरपा धरून एकेका तोंडात डोकावा. पन्नास तोंडांत दारूची पातळी एकाच खोलीवर दिसली पाहिजे. एखादीत तळ चकाकला तर ती रिकामी राहिली आहे. एच-४८९५ चा मोठा फायदा इथे कळतो. २८ ग्रेन चुकून दोनदा पडले तर ५६ होतात आणि .३०८ च्या तोंडातून बाहेर सांडतात, लगेच दिसतं. पिस्तुलाच्या झटपट जळणाऱ्या दारूचे दहा-बारा ग्रेन दोनदा पडले तर पुंगळीत सहज मावतात आणि बंदूक फोडतात. स्वस्तात पडतं म्हणून तो मार्ग सुचवणारे भेटतील. नवख्याच्या काडतुसाला तो नको.

पुंगळीत मोकळी जागा असल्यामुळे दारू कुठे पडली आहे यावरही वेग बदलतो. हे मापकावर स्वतः बघा. तीन बार नळी आधी आभाळाकडे न वळवता, फक्त काडतूस हातात टोपीकडून खाली धरून, बोटाने टिचकी मारून भरा. तीन बार गोळीकडून खाली धरून टिचकी मारून भरा. दोन गटांत शंभर फुटांचा फरक आला तर माप ग्रेन-दोन ग्रेन वाढवा. कापूस किंवा पॉलिस्टरचा बोळा कोंबून दारू मागे दाबायची जुनी पद्धत आहे, आम्ही ती सुचवत नाही.

बार फुसका वाटला, ‘फट्’ झालं, तर तिथेच थांबा. नळी निशाणाकडेच ठेवून ३० सेकंद मोजा, रायफल रिकामी करा, बोल्ट काढा आणि मागून नळीतून उजेड दिसतो का बघा. गोळी आत अडकलेली असताना दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते.

अर्धस्वयंचलित रायफलीत ही काडतुसं बहुधा पुढचं काडतूस ओढणार नाहीत. बोल्टचीच बरी.

प्रश्न: गोळी कुठली आणि किती अंतरावर?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो. तो पहिला हवा. शिकारीची गोळी अंगात शिरल्यावर उमलते म्हणून काम करते, आणि उमलायला तिला ठरावीक वेग लागतो. नोस्लर कंपनीच्या बॅलिस्टिक टिप गोळीला उत्पादक किमान १८०० फूट सांगतो. पूर्ण तांब्याच्या गोळ्यांना बहुधा याहून जास्त लागतो. ज्या तुमच्या १८० ग्रेनच्या भरभक्कम काडतुसात उत्तम चालतात, त्या मंद वेगात न उमलता टाचणीसारख्या आरपार जातात आणि हरीण जखमी होऊन पळतं. तेव्हा .३० मध्ये १२५ ग्रेनची शिकारीसाठी केलेली पातळ कवचाची गोळी घ्या, किंवा .३०-३० या काडतुसाच्या मंद वेगासाठी बनवलेली १५० ग्रेनची. घुशी, कोल्हे मारण्याच्या अतिनाजूक गोळ्या नकोत.

१२५ ग्रेनची ही गोळी २३०० फुटांनी निघाली तर १०० यार्डांवर सुमारे २०८० फूट उरतात, २०० वर १८७०च्या आसपास. म्हणजे २०० यार्डांवर तुम्ही काठावर आहात. नवख्यासाठी १५० यार्ड ही हद्द ठरवून टाका. १०० यार्डांवर नेम जुळवला तर १५० वर गोळी सुमारे अडीच इंच खाली लागेल, २०० वर सात. भरगच्च काडतुसासाठी जुळवलेली दुर्बीण या काडतुसाला चालणार नाही. गोळी खाली तर लागतेच, पण बाजूलाही सरकते. पुन्हा जुळवा.

राज्याचा नियमही बघा. कोलोरॅडोत हरणासाठी गोळी किमान .२४ व्यासाची आणि ७० ग्रेनची हवी, शिवाय १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा उरली पाहिजे. १२५ ग्रेनची गोळी २००० फूट वेगाला १११० देते, १८०० ला ९००च. तळाच्या मापावर राहिलात तर तिथे नियमातच बसत नाही.

प्रश्न: हलकी काडतुसं मारल्यावर पुंगळीची मान आणि खांदा काजळीने काळे होतात, टोपी किंचित बाहेर आलेली दिसते. दाब जास्त झालाय का?

उलट, कमी झालाय. भरपूर दाब असला की पितळ फुगून नळीच्या घराला चिकटतं आणि वायू मागे येत नाही. इथे ते नीट चिकटत नाही, म्हणून काजळी. टोपीही तशीच: ती स्फोटाने मागे सरकते, नेहमीच्या दाबात पुंगळीचं बूड मागे येऊन तिला पुन्हा बसवतं, इथे ते येत नाही. फार काजळी असेल तर एखादा ग्रेन वाढवा.

खरी काळजी वेगळी आहे. घोड्याची सुई प्रत्येक बाराला पुंगळी पुढे ढकलते आणि खांदा थोडा मागे दबतो. चार-पाच वेळा हेच झालं की पुंगळी घरापेक्षा आखूड होते. तिच्यात पुढे भरगच्च दारू भरली तर बूड मागे ताणलं जाऊन तुटू शकतं. म्हणून हलक्या काडतुसांच्या पुंगळ्या कायमच्या वेगळ्या करा. बुडाला पक्क्या शाईची खूण, वेगळा डबा, डब्यावर माप आणि तारीख.

प्रश्न (मेलबर्न): एच-४८९५ इथे त्या नावाने दिसत नाही.

एडीआय या तुमच्याकडच्या कंपनीची एआर२२०६एच मागा. हॉजडनची एच-४८९५ तुमच्याकडेच तयार होते, नाव तेवढं अमेरिकेत बदलतं.

प्रश्न (पुणे): हे इथे करता येईल का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे चितळ-सांबराच्या शिकारीचा विषयच संपतो, आणि काडतूस बनवायला शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ खाली परवाना लागतो. अमेरिकेतून येणाऱ्या नातलगांनाही एक सांगून ठेवा: पहिल्या हरणाची आठवण म्हणून काडतूस किंवा पुंगळी खिशात, सामानात घालून मुंबईला उतरू नका. विमानतळावर क्ष-किरणात ती दिसते आणि पुढचे काही तास पोलिसांना खुलासे देण्यात जातात.