रिसायकल केलेलं टोनर कार्ट्रिज खरंच पर्यावरणाच्या भल्याचं असतं का, आणि प्रिंट खराब येते का?

फायदा होतो, पण ‘रिसायकल’ म्हणून दुकानदार नेमकं काय हातात देतोय ते आधी बघा. तुमचंच रिकामं कार्ट्रिज उघडून पावडर भरली की ते रिफिल. उघडून, साफ करून, झिजलेले भाग बदलले की रीमॅन्युफॅक्चर्ड. ‘कम्पॅटिबल’ म्हणजे मात्र दुसऱ्या कंपनीचं कोरं करकरीत कार्ट्रिज. ते स्वस्त पडतं, पण बहुतेक वेळा त्यात जुनं काही वाचलेलं नसतं. तेही पर्यावरणाच्या नावावर खपवलेलं मी पाहिलंय.

साताऱ्यात कोर्टाजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. एचपी लेझरजेट १०२० वर दिवसभर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं निघतात. त्याचं १२ए कार्ट्रिज कंपनीच्या हिशेबाने २,००० पानं देतं, तेही पानाचा ५ टक्केच भाग काळा होईल असं धरून. कोर्टाची गच्च भरलेली लीगल पानं काढताना माझं बरंच आधी संपतं. पण संपते ती पावडर. जाड प्लास्टिकचं कवच, गिअर, मॅग्नेटिक रोलर हे सगळं धडधाकट असतं. ते दरवेळी भंगारात टाकणं म्हणजे शाई संपली म्हणून दौत फोडणं. ते कवच पुन्हा वापरलं की नव्यासाठी लागणारं प्लास्टिक आणि धातू वाचतात, खरा फायदा तोच.

प्रिंटचं म्हणाल तर सगळं ड्रमवर, म्हणजे पावडर कागदावर उतरवणाऱ्या नळीवर आहे. त्या चकचकीत हिरव्या-निळ्या नळीवर साफ करणारी ब्लेड प्रत्येक पानाला घासत असते, त्यात दोन्ही झिजतात. दुकानाच्या सुरुवातीच्या दिवसांत एक रिफिलवाला दोनदा नुसती पावडर भरून गेला. मीही दीडशे रुपये वाचले म्हणून खूश! मग एका वकीलसाहेबांच्या ४० पानी दाव्यावर उजव्या समासात वरपासून खालपर्यंत करडा पट्टा उमटला. सगळी पानं पुन्हा काढली. पहिली ४० रद्दीत गेली, त्यात कसलं आलंय पर्यावरण?

तेव्हापासून ड्रम आणि ब्लेड बदलल्याशिवाय मी कार्ट्रिज घेत नाही, आणि जुने भाग समोर टेबलावर ठेवायला लावतो. वेस्ट टोनरचा, म्हणजे ब्लेडने ड्रमवरून पुसलेल्या पावडरचा कप्पा रिकामा केला का, तेही विचारतो. काही जण तीच वापरलेली पावडर पुन्हा भरतात, काही गटारात झटकतात. ही पावडर मुळात बारीक प्लास्टिकच आहे, कुजत नाही. तुमच्या हातावर-कपड्यांवर सांडली तर गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती चिकटून बसते.

पानावर एकाच रेषेत काळे ठिपके आले तर पट्टी लावून अंतर मोजा. १२ए मध्ये ते साधारण साडेसात सेंटीमीटर भरलं तर ड्रमवर चरा आहे, कारण ड्रमचा घेर तेवढाच. रिफिलवाला प्रिंटरला दोष देऊ लागला तर हे मोजमाप त्याच्यापुढे ठेवा.

कवचच तडकलं तर मात्र भंगारवाल्याला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही येतात, त्यामुळे ते नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवं. मी खोक्यात साठवून पाच-सहा एकदम देतो.

काळ्या-पांढऱ्या मजकुराला नीट भरलेलं कार्ट्रिज बिनधास्त वापरा. रंगीत लेझरवर लग्नपत्रिका काढायची असेल तर मी अजूनही ओरिजिनलच लावतो.