आठवडाभर पाच-पाच तास झोपून शनिवार-रविवारी भरपूर झोपलं तर राहिलेली झोप भरून निघते का?

प्रश्न विचारणारे पुण्यात आयटीत आहेत. प्रश्नाखाली त्यांनी एक ओळ जोडली आहे : 'गावाकडे शेतकऱ्यांना असले प्रश्नच नसतात, त्यांना पडल्या पडल्या झोप लागते.' मूळ प्रश्नाचं उत्तर पुढे देतोच, पण लिहायला बसलो ते या ओळीमुळे.

मी जुन्नर तालुक्यात शेती करतो. कांदा, गहू, थोडा ऊस आणि गाई. पडल्या पडल्या झोप लागते हे खरं आहे, पण ते तब्येत चांगली असल्याचं लक्षण नव्हे. झोप पुरेशी झालेल्या माणसाला आडवं झाल्यावर दहा-वीस मिनिटं लागतात. जो रोज पाच मिनिटांच्या आत गाढ जातो, त्याची झोप कुठेतरी राहिलेली असते. झोपेच्या तपासणीत माणसाला दिवसा मुद्दाम झोपायला लावून त्याला किती मिनिटांत झोप लागते, हेच मोजतात. तुम्ही ज्याचा हेवा करताय ती राहिलेली झोप आहे.

शेतीपंपाची थ्री-फेज लाईट आमच्याकडे पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की जेवून बॅटरी, काठी, गमबूट घेऊन निघायचं. रानातला एक सारा, म्हणजे लांब वाफा, पाण्याने भरला की त्याचं तोंड बांधायचं, पुढच्याचं फोडायचं. हे थोड्या थोड्या वेळाने चालूच, त्यामुळे बांधावर डोळा लागला की पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात. त्यात आमचा भाग बिबट्याचा. एकट्याने जायची सोय नाही. एकाने पाणी बघायचं, दुसऱ्याने उसाच्या कडेला बॅटरी फिरवायची. म्हणजे एका रानापायी दोन माणसांची रात्र जाते. पहाटे घरी आलं की गाई हंबरत असतात. धारा काढायच्या, कॅन गाडीला अडकवायचे, डेअरी गाठायची. मग कोण म्हणणार की आता झोप?

काही वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात माझा चुलतभाऊ असाच रात्रभर कांद्याला पाणी देऊन सकाळी दूध घालायला निघाला. कालव्याजवळच्या वळणावर गाडी वळलीच नाही, सरळ गेली. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. गळपट्टीचं हाड मोडलं, दूध सगळं मातीत. शुद्धीवर आल्यावर त्याला गावच्या कमानीपर्यंतचं आठवत होतं, त्यापुढचं काहीच नाही. कुत्रं आडवं आलं असेल, बिबट्या दिसला असेल, कुणाची तरी नजर लागली, असं घरात सगळं बोलून झालं. मी म्हणालो, तो झोपला होता. डोळे उघडे ठेवूनसुद्धा मेंदू काही सेकंद झोपतो, आणि चाळीसच्या वेगाने तीन सेकंदांत गाडी तीस मीटरच्या पुढे जाते.

आमचे थोरले चुलते, अण्णा, भडकले. "जवान पोराला एका रात्रीच्या जागरणाने काय होतंय? आम्ही मोटा हाकल्या." अण्णांबद्दल मला आदर आहे, हे शिवार त्यांनी उभं केलं. पण मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पिशवी, पहाटे धरायची आणि ऊन चढलं की बैल सोडायचे. बैलाला रात्री विश्रांती होती म्हणून माणसालाही होती. पंपाच्या स्टार्टरला झोप लागत नाही. आणि एका रात्रीने काय होतं, तर १९९७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हेच मोजलं होतं. सलग चोवीस तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.१० टक्के दारू असलेल्या माणसासारखे चालत होते. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारू प्यायलेल्या पोराच्या हातात अण्णांनी गाडीची किल्ली दिली नसती.

मग अण्णांनी आयुर्वेद काढला, की दिवसा झोपणं वर्ज्य. यावर माझं आणि त्यांचं बरेच दिवस वाजलं. शेवटी ओळखीच्या एका वैद्यांकडे बसून अष्टांगहृदयातलं नीट समजून घेतलं. वाग्भटाने दिवसाच्या झोपेवर बंधनं घातली आहेत, मोकळीक फक्त उन्हाळ्यात आणि थकलेल्या, आजारी अशा काही लोकांना. पण त्याच अध्यायात सांगितलंय की सवय नसताना रात्री जागरण झालं, तर जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपावं. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळत होतं ते सांगायला मला भाऊ दवाखान्यात टाकावा लागला. त्यानंतर घरात नियम केला. रात्री जो पाण्यावर गेला तो धारेला बसणार नाही आणि सकाळी गाडी चालवणार नाही. डेअरीला दुसरं कुणीतरी जाईल, कुणीच नसेल तर दूध उशिरा जाईल.

आता तुमचं. दोन दिवस झोपून थोडं भरतं, सगळं नाही. गेलेले तास तासाला तास परत घ्यावे लागत नाहीत हे खरं, कारण शरीर आधी गाढ झोप वसूल करतं. १९६४मध्ये अमेरिकेत रँडी गार्डनर नावाचा शाळकरी मुलगा अकरा दिवस जागा राहिला आणि नंतर पहिल्यांदा झोपला तो चौदा-पंधरा तासच. पण ते एकदाचं जागरण. दर आठवड्याला तेच करणं म्हणजे गावच्या पीककर्जाच्या सोसायटीत मार्चअखेर नवं-जुनं करणं, नवं कर्ज काढून जुनं फेडल्याचं दाखवणं. कागदावर फिटतं, डोक्यावर राहतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात सुट्टीला झोप भरून काढणाऱ्यांची साखर हाताळायची ताकद पुन्हा कामाचा आठवडा लागताच घसरलेलीच आढळली. आणि पेनसिल्व्हेनियातला २००३चा प्रयोग तर प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. दोन आठवडे रोज सहा तास झोपणाऱ्यांचं लक्ष पूर्ण रात्रजागरण केलेल्यांइतकं ढासळलं, पण त्यांना विचारलं तर ते म्हणत होते, जरा झोप येतेय, बाकी ठीक आहोत. म्हणून 'मला पाच तास पुरतात' या वाक्यावर मी कुणाच्याच तोंडून विश्वास ठेवत नाही.

दुपारपर्यंत लोळण्याने रविवारी रात्री झोप लांबते आणि सोमवार पुन्हा बिघडतो. उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त हलवू नका, झोपायची वेळ अलीकडे ओढा. आम्ही पाण्याची पाळी संपली की तेच करतो. पहिल्या दिवशी सकाळी थोडी झोप, मग उन्हात काम, आणि पुढच्या चार-पाच रात्री साडेआठ-नऊलाच पाठ टेकायची. रात्रीच्या पाळीत संध्याकाळी जायच्या आधी तासभर झोपून घ्यायचं, मध्यरात्रीनंतर चहा बंद, येताना टोपी डोळ्यांवर ओढायची कारण सकाळचं ऊन झोप उडवतं. खोली पत्र्याची असेल तर दहाच्या आत झोप उरकावी लागते, नंतर भट्टी होते. खिडकीला गोणपाट लावलं तरी चालतं. जमेल तिथे ठिबक आणि दिवसाची लाईट, खरा इलाज तोच आहे आणि तो मागायला आम्ही रस्त्यावरही उतरलो आहोत.

अण्णा चारला उठतात याचं गावभर कौतुक. ते साडेआठला झोपतात आणि दुपारी गोठ्याशेजारी तासभर आडवे होतात, ते कुणी मोजत नाही. सगळी बेरीज आठच्या वर जाते. तेच अण्णा सातला उठणाऱ्या सुनेला आळशी म्हणतात, जी अकराला भांडी आवरून आणि रात्री दोनदा लेकराला उठून मग झोपलेली असते. यावर मी घरात बोललो आहे, इथेही बोलतो.

मी डॉक्टर नाही. आठ तास झोपूनही दिवसा पेंगत असाल, जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर वरचं काही लागू नाही, तपासून घ्या. गोळ्या मनाने घेऊ नका. आणि रात्रपाळी करत असाल तर सकाळी घरी जाताना गाडी स्वतः चालवू नका, बसने जा.