रिपोर्टात फुप्फुसांचं फायब्रोसिस आलंय, नेमका कुठला डॉक्टर गाठायचा?

पल्मोनॉलॉजिस्टच, म्हणजे फुप्फुसांचा डॉक्टर, पण त्यातही आयएलडीचे (फुप्फुसांच्या ऊतींना सूज येऊन व्रण पडणारे आजार, फायब्रोसिस त्यातलंच) पेशंट नेहमी बघणारा शोधा, दमा-टीबीत मुरलेला प्रत्येक जण यात तेवढाच तयार असेल असं नाही. ओळखायचं कसं तर तो एचआरसीटीचा (छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) नुसता रिपोर्ट न वाचता स्कॅन स्वतः बघतो, पीएफटीबरोबर (फुंकून करायची फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी) डीएलसीओ (फुप्फुसांतून रक्तात वायू किती जातो याची तपासणी) पण करायला सांगतो, आणि काम कसलं करता, पक्षी पाळलेत का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, सांधे दुखतात का असं खोदून खोदून विचारतो. सांध्यांचं काही निघालं तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टही (संधिवाताचा डॉक्टर) लागतो. कारण न शोधताच पिरफेनिडोन किंवा निन्टेडॅनिब ही फायब्रोसिसची औषधं लिहून दिली तर सेकंड ओपिनियन घ्याच, ही औषधं झालेलं नुकसान भरून काढत नाहीत, फक्त पुढची वाढ मंदावतात. आणि हो, जुन्या स्कॅनच्या सीडी फेकू नका, तुलनेला लागतात.