गाडीच्या मागच्या दाराला आतून घडीचं टेबल लावायचं आहे. दार लोंबणार तर नाही ना?

तुमचा प्रश्न असा आहे: जुनी फोर्स ट्रॅव्हलर मालवाहू व्हॅन घेतली, आत झोपायची सोय केली, आता मागच्या दोन दारांपैकी उजव्या दाराला आतून घडीचं टेबल हवं. ताडोबा, मेळघाट, लोणार असं फिरताना त्यावर चहा-नाश्ता, भाजी चिरणं. दार तेवढं पेलेल का?

पेलतं, भाऊ. माझं आर्वीकडे वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, ट्रॉल्या हे रोजचं काम, पण अशा गाड्याही अधूनमधून येतात. लोक टेबलाच्या वजनाला घाबरतात, आणि ते वजन किरकोळच असतं. ७० बाय ४० सेंटिमीटरचा १२ एमएम प्लायचा तुकडा जेमतेम दोन किलो भरतो. बिजागरी, तार, पेच धरून तीन किलो. दाराच्या बिजागऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. त्रास होतो तो दाराच्या आतल्या पातळ पत्र्याला, आणि तोही एकाच ठिकाणी: टेबल ज्या दोन तारांवर लटकतं त्यांची वरची टोकं जिथे अडकवता त्या भोकांपाशी.

हिशोब सोपा आहे. टेबल ४० सेंटिमीटर बाहेर येतं आणि मधोमध २० किलो ठेवले, म्हणजे भरलेलं भांडं, पाण्याची कॅन वगैरे, तर त्यातला निम्मा भार बिजागरीवर आणि निम्मा बाहेरच्या कडेच्या दोन तारांवर येतो. तार बिजागरीपासून ४० सेंटिमीटर वर बांधली की ती ४५ अंशात बसते आणि दोन्ही तारा मिळून साधारण १४ किलोचा ताण घेतात. प्रत्येकी सात. हीच तार फक्त १५ सेंटिमीटर वर बांधा, ताण २८ किलोवर जातो. माल तोच, टेबल तेच, ओढ दुप्पट. त्यात कोणी कडेवर कोपर टेकून गप्पा मारायला लागलं तर विचारूच नका, कारण कडेवरचं सगळं वजन तारेवरच जातं. म्हणून तार जितकी वर नेता येईल तितकी न्या. आणि ती नुसत्या पत्र्यात अडकवू नका, आतल्या रिबमध्ये, म्हणजे दाराला ताकद देणाऱ्या जाड पट्टीत अडकवा.

रिब कुठे आहे हे बाहेरून कळत नाही. आतलं पॅनल काढावंच लागतं. त्याचे क्लिप जुने झाले की तडकतात, तेव्हा आधीच चार-पाच जास्तीचे आणून ठेवा. पॅनल निघालं की दिसेल: मधे मोठी पोकळी, कडेने दुमडलेला जाड पत्रा, आडव्या-उभ्या पट्ट्या, लॉकच्या सळया, वायरी. जाड भाग खडूने आखून घ्या. सळया हँडल फिरवून पाहा, त्या कुठवर सरकतात ते बघा आणि त्या वाटेत भोक पाडू नका. ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळली की तो गरजेपेक्षा आत जात नाही, नाहीतर बाहेरच्या पत्र्याला आतून फोड येतो आणि मग पेंटरकडे चकरा.

पत्र्यात थेट स्क्रू मारायचा नाही. खराब रस्त्यावर महिनाभरात तो भोक मोठं करून बाहेर येतो. रिव्हेट नट वापरा, म्हणजे भोकात बसवून दाबला की पत्र्याला मागून घट्ट पकडणारा आट्यांचा नट. सहा एमएमच्या बोल्टला बहुतेक नऊ एमएमचं भोक लागतं, पण पाकिटावर लिहिलेलं पाहून घ्या. भोक पाडलं की कडेला लगेच प्राइमर लावा, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा पत्रा दोन दिवसांत लाल पडतो. तारेच्या दोन जागी मात्र मी रिव्हेट नटावरही भागवत नाही. आतून तीन एमएमची पट्टी घालतो आणि आरपार बोल्ट, मोठा वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्यानं ढिला न होणारा). तिथे हात पोचत नसेल तर जागा बदला, पट्टी सोडू नका. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात. काम झाल्यावर ती कचऱ्याने बुजली नाहीत ना, तेही पाहा.

खाली बिजागरी एकच लांब घ्या, पियानो बिजागरी म्हणतात ती, स्टेनलेसची. दोन सुट्या बिजागऱ्या लावल्या की टेबल डुलतं. प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा घ्या. ३०३ चा साधा घरात ठीक, गाडीत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि बंद गाडीचं दार तव्यासारखं तापतं, त्यात साध्या गोंदाने लावलेला सनमायका कडेने उठतो. उष्णता सहन करणारा चिकट गोंद मागा आणि सनमायका फिकट रंगाचा घ्या. काळा सुंदर दिसतो, दुपारी त्यावर हात ठेवून दाखवा! प्लायच्या चारही कडा वार्निशने बंद करा, बिजागरीखालची पण.

बंद असताना टेबल वर उभं राहील, तेव्हा त्याला धरायला लोहचुंबक पुरत नाही. दोन्ही बाजूंना ट्रंकेला असतात तसे खेचून बंद होणारे खटके लावा. मधे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या की खडखड थांबते. फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर कानाला किती आराम मिळतो ते तुम्हालाच कळेल. दार लावताना घडी केलेलं टेबल आतल्या पलंगाला अडतं का, हे भोक पाडण्याआधी पुठ्ठा चिकटवून बघा. साडेतीन-चार सेंटिमीटर जागा लागते.

आता जे फारसं कोणी विचारत नाही ते. उघडं दार स्थिर नसतं. गाडी जराशी उतारावर असली की दार आपोआप फिरतं आणि टेबलावरचा चहा त्याच्यासोबत फिरतो. उन्हाळ्यातली दुपारची गरम हवा तर दार आपटूनच टाकते. म्हणून दारापासून बॉडीच्या खांबापर्यंत एक चपटी पट्टी करा, दोन्ही टोकांना हूक, दार काटकोनात पक्कं धरणारी. माझ्या मते टेबलाआधी ही पट्टी करावी. टेबलाची उंची आधी ठरवा: उभं राहून काम करायचं तर जमिनीपासून ८५ ते ९०, खुर्चीवर बसून जेवायचं तर ७२ ते ७५ सेंटिमीटर. दाराची खालची कडच त्याहून वर येत असेल तर बसून जेवायचं विसरा.

भाजी चिरा, चहा गाळा, झुणका वाढा. कणीक मात्र त्यावर मळू नका. मळताना खाली अंगाचा जोर पडतो आणि आडवे धक्केही बसतात, त्याने दाराच्या बिजागऱ्याही ढिल्या होतात. मळायचंच असेल तर बाहेरच्या कोपऱ्याला जमिनीवर टेकणारा, उंची कमी-जास्त होणारा एक पाय जोडा. गॅसची शेगडी तर दारावर नकोच, छोटा सिलिंडर असला तरी. वाऱ्याने दार हललं की पेटती शेगडी हलते. ती खाली, गाडीपासून दूर ठेवा.

बाकीच्यांसाठी दोन ओळी. मारुती ईकोचं मागचं दार वर उघडतं आणि बाजूचं सरकतं, त्यामुळे दोन्हींवर हे जमत नाही. तिथे फळीच ड्रॉवरच्या चॅनलवर खालून बाहेर काढा. बोलेरोच्या मागच्या दारावर स्टेपनी लटकलेली असते, वीस किलोच्या वर, तेव्हा त्या दाराच्या बिजागऱ्या आधी तपासा.

कायद्याचं म्हणाल तर गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाही हे सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. पेच काढले की निघणाऱ्या टेबलाची मला चिंता वाटत नाही. मालवाहू नोंदणीच्या गाडीत पलंग टाकलाय, तो प्रश्न टेबलापेक्षा मोठा आहे. तो आरटीओत आणि विमावाल्याला विचारून घ्या.

सामान नागपूरला इतवारीतल्या लोहाओळीत मिळेल. पॅनल काढलं की दाराच्या आतल्या बाजूचा एक सरळ समोरून फोटो टाका, मोजपट्टी ठेवून. भोकं कुठे पाडायची ते त्यावर खूण करून सांगतो.