'लाइफ विदाउट सोल' (१९१५) हा हरवलेला मूकपट सापडला असं कुणी म्हणालं, तर खरं-खोटं कसं ओळखायचं?

आधी लांबी बघा. बहुतेक दावे तिथेच निकालात निघतात.

मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) या कादंबरीवर बेतलेला हा मूकपट अमेरिकेतल्या ओशन फिल्म कॉर्पोरेशनने काढला. दिग्दर्शक जोसेफ स्मायली, लांबी ५ रिळं. तेव्हाचं भरलेलं रीळ साधारण १००० फुटांचं, आणि ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. म्हणजे एकूण सुमारे ८०,००० फ्रेम. सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगाने ८३ मिनिटं, १८ ने ७४, आणि आजच्या २४ च्या वेगाने पळवला तरी ५६ मिनिटं. हातातला व्हिडिओ १२-१५ मिनिटांचा असेल आणि त्यात राक्षस धगधगत्या कढईतून आकार घेत असेल, तर तो एडिसन कंपनीचा १९१० चा एका रिळाचा 'फ्रँकेन्स्टाइन' आहे. तो उपलब्ध आहे, आणि त्यात राक्षस झालेला पिंजारलेल्या केसांचा चार्ल्स ओगल एकदा पाहिला की पुन्हा गफलत होत नाही.

नुसता तुकडा हाती आला असेल तर मात्र लांबी कामाची नाही; कथानक बघावं लागतं. कादंबरीशी ताडून पाहू नका, कारण चित्रपट तिच्यापासून बराच लांब गेला आहे. पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या पाट्यांवर, राक्षस घडवणाऱ्या डॉक्टरचं नाव फ्रॉली असायला हवं. बर्फाळ समुद्रातल्या जहाजावरून सुरू होणारी कादंबरीची चौकट इथे नाही. कादंबरी वाचता वाचता झोपलेल्या तरुणाला पडलेलं स्वप्न, असा शेवट आहे. पर्सी स्टँडिंगने रंगवलेला जीवही भडक रंगभूषेशिवाय, माणसासारखाच दिसतो. आणखी एक खूण मला सगळ्यात मोलाची वाटते: १९१६ मध्ये रेव्हर फिल्म कॉर्पोरेशनने तो पुन्हा वितरित केला, तेव्हा माशांच्या प्रजननाची शास्त्रीय दृश्यं मध्ये जोडली होती. त्यामुळे रिळात अचानक मासे दिसले, तर कुणीतरी भलतीच फिल्म चिकटवली असं समजून तो भाग कापून टाकू नका.

प्रत्यक्ष फिल्म समोर असेल तर भिंग घेऊन तिचा काठ तपासा. ईस्टमन कोडॅकने १९१६ पासून काठावर वर्षाची खूण छापायला सुरुवात केली. त्या वर्षाची खूण वर्तुळ. पण खुणा दर २० वर्षांनी परत येतात, म्हणजे वर्तुळ १९३६ चंही असू शकतं. म्हणून काठावरची भोकंही बघा. पडद्यावर दाखवायच्या (पॉझिटिव्ह) प्रिंटची गोलसर कोपऱ्यांची आयताकृती भोकं १९२४ नंतरची. त्याआधीच्या भोकांच्या दोन बाजू बाहेर फुगीर असतात. ही तपासणी फक्त फिल्मचं वय सांगते, चित्रपट कोणता ते नाही.

हा चित्रपट हरवण्यात काळाचाही हात आहे. १९१२ पर्यंत अमेरिकेत कॉपीराइटसाठी बरेच चित्रपट कागदावर छापून जमा होत, आणि त्या कागदांमुळेच ते वाचले. पुढे फिल्मची थेट नोंदणी होऊ लागली, पण नायट्रेट, म्हणजे तेव्हाची पटकन पेट घेणारी फिल्म, साठवायची सोय नसल्याने लायब्ररी ऑफ काँग्रेस प्रती निर्मात्यांना परत करी. छोट्या कंपनीच्या मोजक्या प्रती मग झिजून, कुजून किंवा चांदीसाठी वितळून संपत.

१९१५ ची प्रिंट म्हणजे नायट्रेट हे धरूनच चाला. खात्रीसाठी तुकडा जाळून बघणं, प्रोजेक्टरवर चढवणं, दोन्ही वर्ज्य. आग लागली तर ती पाण्याने विझत नाही, आणि आकसलेल्या फिल्मची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांवर फाटतात. चिकट झालेले थर ओढून सोडवू नका. डबा हवाबंद न करता थंड, कोरड्या जागी ठेवा, पाट्यांचे आणि काठाचे फोटो काढा आणि फिल्म अभिलेखागाराला आधी फोटोच पाठवा. नायट्रेट साध्या टपालाने पाठवता येत नाही.