शैलीच्या आधी नजर

चित्रकलेत स्वतःची शैली कधी सापडेल, ही तुमची तळमळ मला मनापासून समजते. परंतु पहिले वर्षभर तो प्रश्न बाजूला ठेवावा, असे मी सुचवेन. रोज अर्धा तास आपल्या सोलापुरातील सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून मंदिर किंवा भुईकोट किल्ल्याचा एखादा बुरूज रेखाटावा. 2बी पेन्सिल हात पूर्ण ताणून समोर धरावी, एक डोळा मिटावा आणि बुरुजाची उंची रुंदीच्या किती पट आहे ते मोजूनच पहिली रेषा काढावी, कारण नवशिक्यांच्या बहुतेक चुका छायाप्रकाशाच्या नसून प्रमाणाच्या असतात. लांब रेषा मनगटातून नव्हे, खांद्यातून ओढावी. खोडरबर घरीच ठेवावे. चुकलेल्या रेषेशेजारी दुसरी काढली, म्हणजे नजर कोठे फसली ते कळते.

सोलापुरी चादरीवरील नक्षीही अवश्य अभ्यासावी. जकार्ड मागासाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रमागासाठी, ती चौकटीच्या कागदावर उतरवावी लागत असल्यामुळे वळणदार आकार पायऱ्यापायऱ्यांनी घडतो, आणि साधनाच्या मर्यादेतून शैली कशी जन्मते याचे इतके स्पष्ट उदाहरण मला अन्यत्र आढळलेले नाही. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांनीही स्वतःच्या शैलीसाठी ओळखले जाण्याआधी, आरंभी सिनेमाचे मोठे फलक रंगवले होते. वर्षाअखेरीस सर्व वह्या ओळीने मांडाव्यात आणि न ठरवता पुन्हा पुन्हा उमटलेली वळणे तेवढी निवडून वेगळ्या कागदावर काढावीत.