आई-वडिलांना दवाखान्यात नेताय?

ज्येष्ठांवर उपचार करताना चार गोष्टी बघायच्या असतात: त्यांना स्वतःला काय महत्त्वाचं वाटतं, औषधं, मन-बुद्धी आणि हालचाल. गर्दीच्या ओपीडीत चारही बघितल्या जातीलच असं नाही, तेव्हा विचारायचं काम आपलंच.

आधी औषधं. यादी नको, अख्खी पिशवीच न्या: गोळ्या, डोळ्यांचे थेंब, काढे, परस्पर आणलेली सर्दीची गोळीसुद्धा. डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिनसारखी सर्दी-खाजेची जुनी औषधं आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या उतारवयात गोंधळ उडवतात, तोल घालवतात. एकेका पाकिटावर बोट ठेवून विचारा, ‘ही अजून लागते का?’ मनाने मात्र एकही बंद करू नका. झोपेची गोळी एकदम थांबवणं तर महागात पडतं.

ॲडमिट करायची वेळ आलीच तर चष्मा, श्रवणयंत्र, कवळी सोबत हवीच. कालपर्यंत नीट बोलणारे बाबा अचानक असंबद्ध बोलू लागले, किंवा नुसतेच गुंगीत राहू लागले, तर ‘वय झालंय’ यावर गप्प बसू नका. तो डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, असू शकतो. त्याचं कारण संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध, अगदी तुंबलेली लघवीही. नर्सना ठणकावून सांगा, ‘हे यांचं नेहमीचं नाही.’ (आपण वाईट दिसतो. दिसू द्या.) परवानगी असेल तर रोज खुर्चीत बसवा, चार पावलं चालवा, पडून राहिलं की पायांतली ताकद झपाट्याने जाते.

आणि डॉक्टर प्रश्न तुमच्याकडे बघून विचारतील. तुम्ही आईकडे बघा. तिचं बोलून झालं की राहिलेलं सांगा.